बर्फावरचं अर्घ्य

सन २०१२. त्या वर्षी रथसप्तमी जानेवारीच्या अखेरीस, सोमवारी आली होती. वार पक्का लक्षात आहे, कारण सगळं सुरू झालं ते आदल्या दिवशी. जर्मनीत रविवारी न कळवता कोणी कोणाची बेल वाजवत नाही. त्या रविवारी सकाळी आमची वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ विटकॉप उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. हातात प्लॅस्टिकचं पसरट भांडं आणि त्यात बर्फाचा एक लांब सुळका, छपराच्या कडेला लोंबतात तसला. पण हा लालसर होता. आत तांदळाचे दाणे गोठले होते आणि ट्यूलिपची एक पाकळी.

त्या हळू आवाजात काही म्हणाल्या. माझी नात अन्वी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. माझ्याशी मात्र ती शोधून शोधून मराठी बोलायची.

"आजी, ती विचारते, वर कोणाला लागलं का? ब्लूट येतंय का?"

रक्त नव्हतं ते, रक्तचंदन होतं. अर्घ्याचं पाणी.

हे, म्हणजे माझे यजमान वासुदेव, कराडजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. नोकरी सुरू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांनी एक गोष्ट चुकवली नाही. सकाळी कृष्णेच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य द्यायचं, मगच चहा. घरातल्या बाकीच्या देवधर्मात त्यांना फारशी गोडी नव्हती. गणपतीची आरतीसुद्धा ते घड्याळाकडे बघत म्हणायचे. पण सूर्य म्हणजे त्यांच्या लेखी घरातलं वडीलधारं माणूस होतं. उठल्यावर त्याला भेटायचं, एवढंच.

मुलाकडे वोल्फ्सबुर्गला आम्ही नोव्हेंबरात आलो. इथे घाट कुठला आणायचा? म्हणून ते बाल्कनीत उभे राहून अर्घ्य द्यायचे. डिसेंबरभर पाणी नुसतं वाहून जात होतं, कोणाला कळलं नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकाएकी कडाका पडला आणि ते पाणी फ्राऊ विटकॉपच्या कठड्याला गोठून लोंबू लागलं.

रुपेशला, माझ्या मुलाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो झोपेच्या कपड्यांतच बाहेर आला, "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" अशी माफी मागत सगळं समजावत राहिला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं इतकंच, की सूर्याबद्दल त्यांची तक्रार नाही, पण खालून जाणाऱ्याच्या डोक्यात सुळका पडला तर काय, आणि हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमांत, बाल्कनीतून पाणी सोडायला मनाई आहे.

दार लागल्यावर रुपेश म्हणाला, "बाबा, बाथरूममध्ये करा ना. खिडकी आहे तिथे."

"संडासात उभं राहून सूर्याला पाणी देऊ?" हे म्हणाले. "तुझ्या बाल्कनीची सूर्याला गरज नाही. मागच्या तळ्यावरही तोच उगवतो."

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. मी विजेच्या शेगडीवर दूध उतू घातलं आणि जळक्या वासाने घरातला धुराचा भोंगा ओरडायला लागला. सून स्वरूपा स्टुलावर चढून तो बंद करत होती, अन्वी कानांवर हात ठेवून हसत होती. त्या गोंधळात हे तांब्या घेऊन निघाले. अंगात जाड कोट, कानटोपी, पायांत रुपेशचे बर्फातले बूट. मी बूट मुद्दाम बघितले होते. म्हटलं, चला, निदान पाय झाकलेले आहेत.

पायांची मला भीती होती. मधुमेह जुना, आणि त्यांच्या पावलांची जाणीव हळूहळू गेलेली. कराडला एकदा पायात खिळा घुसलेला घेऊन हे संध्याकाळभर घरात वावरले होते. फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा मला कळलं. त्यांना तोवर पत्ताच नव्हता.

आमच्या इमारतीमागे झाडांच्या पलीकडे तळं होतं. आठवडाभर हे रोज आठच्या सुमारास जायचे, कारण सूर्यच तिथे तेव्हा उगवायचा. परत आले की गाल लाल, आणि बोलणं फक्त पक्ष्यांचं. तळं काठाकडून गोठत आत चाललं होतं. मधोमध थोडं पाणी उघडं राहिलं होतं आणि सगळी पाखरं तिथे जमली होती. हिरव्या डोक्याची बदकं, कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे चांदवे, आणि एक हंसांचं जोडपं.

"सारखी फिरत असतात," हे जेवताना सांगत होते. "पाणी गोठू नये म्हणून ढवळत राहतात जणू. आणि काही बर्फावर उभी. एका पायावर. पाय बघशील तर काडीएवढे. ना कातडं धड, ना लोकर. अरे रुपेश, त्यांचे पाय गोठत कसे नाहीत?"

रुपेश त्या मोटारींच्या गावात गाडीतली उष्णता इथून तिथे नेणारी यंत्रं बनवायचा. त्याचा चेहरा खुलला. बापाने कामाचं काही विचारलं की तो लहान व्हायचा.

"बाबा, हा आमचाच विषय आहे. बदकाच्या पायात खाली जाणाऱ्या गरम रक्ताची नळी आणि वर येणाऱ्या गार रक्ताची नळी एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्याला देऊन टाकतं. पावलापर्यंत पोचतं तेव्हा ते स्वतःच गार झालेलं असतं. पाऊल जवळजवळ बर्फाइतकं थंड. मग बर्फाला द्यायला ऊब उरतेच कुठे? शरीरातली शरीरातच राहते."

"म्हणजे पाय गार ठेवायचे आणि पोट गरम."

"गेनाऊ! अगदी तेच. शिवाय पायात मांस फारसं नसतं, नुसत्या दोऱ्या. गोठायला काही नाहीच."

"मग झालं तर. माझे पायही गारच असतात हल्ली."

"बाबा, तुमच्या पायात ती व्यवस्था नाही."

"तू तपासलीस?"

सगळे हसलो. मीही हसले.

पुढच्या रविवारी थंडी फारच वाढली. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची फुलं धरली होती. मी म्हटलं, आज मी येते तुमच्याबरोबर. हे नको नको म्हणाले. इतकं नको म्हणाले की मला शंका आली. मी थोडं थांबून मागून निघाले.

झाडांतून बाहेर आले तर आधी बूट दिसले. बर्फात नीट शेजारी शेजारी ठेवलेले, देवळाबाहेर ठेवावेत तसे. मोजे आत खोचलेले. आणि पुढे लाकडी धक्क्यावर हे उभे, अनवाणी, हातांत तांब्या उंच धरलेला. तांबूस सूर्य झाडांवर जेमतेम आला होता. धार समोरच्या बर्फावर पडत होती आणि तिचे शिंतोडे त्यांच्याच पावलांवर उडत होते. आठवडाभराच्या अर्घ्याचा एक लालसर चकंदळ तिथे गोठला होता.

"अहो!" मी ओरडले. "अहो, पाय!"

त्यांनी मागे न बघता एक हात वर केला. मधे बोलायचं नाही, नावं चालू आहेत. सूर्याची बारा नावं संपेपर्यंत मी ते बूट छातीशी धरून उभी राहिले. माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि मला रडू येत होतं. चांदवे आमच्याकडे बघून परत पाण्यात गेले.

"चपला घालून अर्घ्य देतं का कोणी?" नावं संपल्यावर हे म्हणाले. "आणि मला काही होत नाही. जरासुद्धा दुखत नाही, बघ."

दुखत नाही, हेच तर भयंकर होतं.

घरी आणून सोफ्यावर बसवलं. पावलं मेणासारखी पिवळट पांढरी झाली होती. उजव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला फोड धरला होता. मी धावत गरम पाण्याची पिशवी भरायला गेले. स्वरूपाने माझ्या हातातून ती काढून घेतली.

"आई, नको! त्यांना कळणार नाही आणि भाजेल." तिने टबात पाणी घेतलं, अन्वी तान्ही असताना घालायची तसं कोपर घालून बघितलं, आणखी गार पाणी ओतलं, परत कोपर घातलं. मग म्हणाली, "आता ठेवा बाबा. हळू."

हे टबात पाय ठेवून बसले. "कोमट आहे का?" त्यांनी मलाच विचारलं. स्वतःचे पाय त्या पाण्यात होते, आणि ते मला विचारत होते. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

दुपारपर्यंत पाय सुजला, फोड काळसर झाला. रुपेशने गाडी काढली.

हॉस्पिटलात ह्यांना ठेवूनच घेतलं. डावा पाय सुधारेल म्हणाले. उजव्याची खात्री नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वरूपाशी इंग्रजीत बोलायच्या. थंडीने मारलेलं मांस किती खोलवर मेलंय ते लगेच कळत नाही. काळं आणि जिवंत यांच्यामधली रेघ शरीर स्वतः आखतं, आणि त्याला आठवडे लागतात. आज कापलं तर जगू शकणारी बोटंही जातील. थांबलं आणि जंतू शिरले तर मधुमेहामुळे घोट्यापर्यंत, कदाचित त्याच्याही वरपर्यंत पाय जाईल. त्या रोज बघणार होत्या. त्यांचा सल्ला थांबण्याचा होता.

रुपेशला थांबणं म्हणजे काय ते माहीत नाही. लहानपणी पेरलेलं मेथीचं बी उकरून बघायचा, उगवलं का म्हणून. त्याने पुण्याला एका सर्जनना फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, काय करायचं ते बोटांपुरतं पटकन करून टाकू.

"इथे सगळे नुसतं थांबा थांबा म्हणतात," तो हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मला म्हणाला. "आल्झो, म्हणजे किती थांबायचं? पाय जाईपर्यंत? तिकडे आपली माणसं आहेत, भाषा आहे. विमानात व्हीलचेअर मिळते, मी सोबत येतो."

"आणि विमानात ताप चढला तर?" स्वरूपा म्हणाली.

"इथे चढला तर?"

दोघं माझ्यासमोर कधी भांडायची नाहीत. त्या दिवशी भांडली. मग दोघंही ह्यांच्या खोलीत गेली आणि रुपेशने सरळच विचारलं, "बाबा, जायचं की थांबायचं?"

हे छताकडे बघत होते. उजवा पाय उशीवर, जाळीच्या पिंजऱ्याखाली.

"आईला विचार. मी ठरवलेलं काय झालं ते दिसतंय सगळ्यांना."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी उघडं आहे का गं अजून?"

मला क्षणभर कळलं नाही. ते तळ्याबद्दल विचारत होते.

रुपेशला सोमवारपर्यंत तिकिटं पक्की करायची होती. शनिवारी सकाळी मी अन्वीला घेऊन तळ्यावर गेले. घरात बसवत नव्हतं. उघडं पाणी आता आपल्या हॉलएवढं राहिलं होतं. पाखरं त्यात अंगाला अंग लावून फिरत होती. काही काठाच्या बर्फावर पोटावर बसली होती, पाय पिसांत ओढून, चोच पाठीत खुपसून. एक हंस त्यांच्यापासून लांब, बर्फावर एकटाच पडला होता. मान पंखाखाली. पाठीवर बर्फाची भुकटी साचलेली. हलत नव्हता.

फ्राऊ विटकॉप तिथेच होत्या, दुर्बीण घेऊन. हे हॉस्पिटलात गेल्यापासून त्या रोज आमच्या दाराशी येऊन चौकशी करायच्या आणि जाताना प्रत्येक वेळी तेच म्हणायच्या. अन्वी भाषांतर करून कंटाळली होती, "परत तेच आजी. ती म्हणते, मी ते बर्फ घेऊन आले नसते तर."

हंसाकडे बोट दाखवून एक तरुण बाई फोनवर जोरजोरात बोलत होती. थोड्या वेळाने अग्निशमनाची गाडी आली. दोन माणसं उतरली. एकाने कमरेला दोर बांधला आणि एक लांब शिडी बर्फावर आडवी सोडली.

"नाईन, नाईन!" नको नको म्हणत फ्राऊ विटकॉप पुढे झाल्या. त्यांनी आपली दुर्बीणच त्या माणसाच्या हातात कोंबली. दोघांचं बोलणं झालं. मग त्या माणसाने हातमोजे काढून मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

हंसाने पंखातून मान काढली. आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मान परत आत घातली.

ते लोक शिडी ओढून घेऊन निघून गेले. फोन करणारी बाई रागावलेली दिसली.

"काय म्हणाला गं तो?" मी अन्वीला विचारलं.

"म्हणाला, तो चिकटला नाहीये. तो शांत बसलाय, म्हणजे... एनर्जी जात नाही. आपण गेलो तर तो पळणार. पळाला तर रात्रीला त्याच्याकडे काही नाही राहणार."

"आणि बसून राहिला तर वाचेल?"

अन्वीने ते फ्राऊ विटकॉपना विचारलं. बाईंनी खांदे उडवले. "फील्लाइश्ट," त्या म्हणाल्या. तो शब्द एव्हाना मला कळत होता. कदाचित.

घरी आल्यावर मी रुपेशला सांगितलं, थांबू या. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई रोज पाय बघतात, पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलेला नाही. ते खरंच होतं. पण तो तोंड फिरवून खोलीत गेला आणि मला कळलं की आता पाय गेला तर तो माझ्यामुळे गेला असं होईल. कोणी बोलून दाखवणार नाही, पण होईल.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेले तर पाणी नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत एकच पांढरं. एक पाखरू नाही, एक आवाज नाही. हंस बसला होता तिथे नुसता एक खळगा. धक्क्यापाशी ह्यांच्या अर्घ्याचा लाल चकंदळ तेवढा दिसत होता.

मी तशीच मागे फिरले. आता हे विचारतील, पाणी उघडं आहे का, तर काय सांगू? मला शकुन-अपशकुन मानायची सवय नाही, पण त्या घडीला मी सगळं मानलं.

जिन्यात फ्राऊ विटकॉप भेटल्या. मी हाताने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तळं, बंद, पाखरं नाहीत. मला मराठीतच रडू फुटलं. त्यांनी माझं मनगट धरलं, वर जाऊन अन्वीला कोट घालायला लावला आणि आम्हा दोघींना आपल्या लहानशा गाडीत बसवलं. कुठे नेतायत ते सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, अन्वी खिडकीबाहेर बघत होती.

गावाबाहेर कालव्याशी गाडी थांबली. तिथे कुठल्याशा कारखान्याचं कोमट पाणी कालव्यात पडत होतं. आधी नुसती वाफ दिसली, आणि वाफेतून कालवा. मग डोळे सरावले. पाण्यावर इंचभर जागा नव्हती. बदकं, चांदवे, मी कधी न पाहिलेली करड्या मानेची पाखरं, आणि हंस, कितीतरी हंस. बाजार भरल्यासारखा कलकलाट. दुसऱ्या तळ्यांवरचीही आली असणार. गोठेपर्यंत प्रत्येक जण आपलं पाणी धरून बसला होता, आणि गोठल्यावर उठून इथे आला होता.

"आपला हंस कुठला?" अन्वीने विचारलं.

मी बराच वेळ बघत राहिले. सांगता येईना. हंस सगळे सारखेच दिसतात.

दुपारी हॉस्पिटलात गेल्यावर ह्यांनी विचारलंच. मी खरं ते सांगितलं. पाणी बंद झालं, पाखरं कालव्यावर गेली.

"सगळी?"

"ते नाही माहीत."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मलाही कळायला हवं होतं. तळं गोठत चाललंय ते रोज बघत होतो की मी."

फेब्रुवारीच्या मध्यावर थंडी मोडली. छपरांवरून दिवसभर पाणी ठिबकत होतं. ह्यांना एकदा ताप चढला. त्या संध्याकाळी रुपेश हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझ्याकडे न बघता येरझाऱ्या घालत होता आणि मी बाकावर बसून पदराचं टोक पिळत होते. तो ताप खोकल्याचा निघाला. पायावरची रेघ मार्चमध्ये स्पष्ट झाली. करंगळी गेली, शेजारच्या बोटाचं टोक गेलं. बाकी तीन बोटं, ज्यांच्यावर आम्ही पाणी सोडलं होतं, काळी साल टाकून गुलाबी निघाली. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून दाखवलं. मी हात जोडले तर त्यांनीही जोडले.

पण घरी आल्यावर हे गप्प झाले. आता जन्मभर अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा, अशी ताकीद होती. तांब्या ओट्यावर पालथा पडून राहिला. सकाळी उठायचे, खिडकीत उभे राहायचे, सूर्य वर आला की मागे फिरून चहा मागायचे. एकदा तर सूर्य उगवायच्या आधीच चहा मागितला. पाय वाचला होता, पण हा माणूस मला ओळखीचा वाटेना.

एका दुपारी फ्राऊ विटकॉप वर आल्या. कागदात गुंडाळलेलं काहीतरी ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हाताने विणलेले लोकरीचे मोजे होते, राखाडी, जाडजूड, उजव्याची बोटाकडची बाजू मुद्दाम सैल ठेवलेली. अन्वी म्हणाली, "ती म्हणते, पूर्ण लोकर आहे. प्लास्टिक नाही एक धागासुद्धा."

हे "डांके, डांके" म्हणाले आणि मोजे बाजूला ठेवले.

बाई गेल्यावर मी ते हातात घेतले. वास आला आणि मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या. सोवळ्यात स्वयंपाक करताना अंगाला गुंडाळलेली त्यांची ती जुनी धाबळी, थंडीत अंगाला टोचणारी.

"अहो," मी म्हटलं, "धाबळी कशाची असते?"

"लोकरीची. का?"

"ती सोवळ्यात कशी चालते मग?"

"लोकरीला विटाळ नाही. माझी आई तर सांगायची, लोकर धुवावीसुद्धा..." ते थांबले. माझ्या हातातल्या मोज्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चामड्याचं पायताण काढायचं," मी म्हटलं. "लोकर काढायला कोणी सांगितलंय?"

"म्हणजे मोजे घालून अर्घ्य?"

"पायांना धाबळी नेसवून अर्घ्य."

ते हसले. किती दिवसांनी. "वकिली शिकायला हवी होतीस तू," ते म्हणाले. मग जरा घासाघीस केली. विणलेत कोणी, कुठल्या हातांनी. आणि स्वतःच उत्तर दिलं, लोकरीला विटाळ नाही म्हटलं की नाही, झालं. स्वरूपा आतून ओरडली, "बाबा, सोवळं असलं तरी रोज धुवायचे हं ते! डॉक्टरांनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. रुपेश ऑफिसला उशिरा जाणार होता. त्याने बापाचा दंड धरला होता. धक्क्यावर खुर्ची नेली होती, हे म्हणाले, उभा राहीन. बूट काढले, मोजे राहिले. बर्फ गेलं होतं, लाल चकंदळही गेला होता. तळ्यात चांदव्यांची मारामारी चालली होती. पाण्याची धार पडली, तशी जवळची दोन बदकं खायला काही मिळेल म्हणून धावत आली.

आम्ही मे महिन्यात कराडला परतलो. ह्यांनी पुढे सात वर्षं घाटावर अर्घ्य दिलं, पण पाण्यात नाही, कोरड्या पायरीवर, राखाडी मोज्यांत. लोक हसायचे. एप्रिलच्या उन्हात लोकरीचे मोजे बघून लोक हसणारच. पायाला पुन्हा जखम झाली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

फ्राऊ विटकॉप दर वर्षी हिवाळ्याआधी एक जोड पाठवायच्या. मग त्यांचे हात आखडले आणि त्या मुलीजवळ, त्सेले गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. अन्वी त्यांना तिथे एकदा भेटून आली. आजी, त्यांनी तुझं नाव बरोबर उच्चारलं, म्हणाली. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

रुपेश आणि स्वरूपा आता नेकारसुल्मला असतात. तिथेही तो मोटारींच्याच कारखान्यात, काम तेच, उष्णता इथून तिथे नेण्याचं. त्या शनिवारच्या निर्णयाबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. पण ह्यांच्या दिवसांना आला तेव्हा पंचपात्र घासता घासता म्हणाला, "बरं झालं आई, थांबलो ते." एवढंच.

अन्वी वकिली शिकतेय. फोनवर माझ्याशी मराठीत भांडते, मधेच जर्मन क्रियापद घालते आणि मी अडखळले की हसते.

मी कराडलाच आहे. ह्यांचा शेवटचा जोड, न वापरलेला, देवाच्या कपाटात होता. डिसेंबरात माझी पावलं आता गार पडतात, रात्रभर गरम होत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी तो जोड काढला. उजवा मोजा मला बोटांकडे सैल होतो.